पट्टीची जागा

प्रिय शिडी,

"तुझ्यासाठी मला मागे बघावं लागत नाही," असं तू एकदा म्हणाली होतीस. बर्फाच्या एकाच टबात आपल्या दोघींचे पाय, थंडीने दात वाजताहेत, आणि तू ते अगदी सहज बोलून गेलीस. माझं लग्न ठरलं तेव्हाही माझ्याबद्दल कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं.

रिलेत मी तिसरी, तू चौथी. तुझ्या मागे ट्रॅकवर एक चिकटपट्टी असायची. मी तिथवर पोचले की तू सुटायचीस आणि न बघता हात मागे करायचीस. त्या हातात बॅटन ठेवणं माझं काम. पट्टीच्या जागेवरून आपण इतक्या भांडायचो की सर म्हणायचे, या दोघींना वेगळं बिऱ्हाड करून द्या. पण ती जागा एकदा दोघींनी मिळून ठरवली, ती ठरवली.

अंतिम शर्यतीच्या सकाळी मी मांडीला बँडेज गुंडाळलं होतं. नुसती खबरदारी. तू पाहिलंस, विचारलं काहीच नाहीस. विचारलं असतंस तर तिथल्या तिथे उड्या मारून दाखवल्या असत्या. वळणावरून सुसाट आले तर पट्टी तुझ्याकडे सरकलेली, म्हणजे तू उशिरा सुटणार. मी हळू येणार, असं तू परस्पर ठरवून टाकलं होतंस. मी हळू आले नाही, शिडे. तू वेग घ्यायच्या आत तुझ्या अंगावर आदळले, बॅटन तुझ्या कोपराला लागून पडलं आणि फोटोत माझा रिकामा हात आला. नंतर तू वाकून पट्टी उखडलीस आणि मुठीत चुरगळलीस.

पट्टी तू सरकवलीस हे सगळ्यांना आज सांगशील, उद्या सांगशील, म्हणून मी गप्प राहिले. माझ्या लग्नात जेवून गेलीस, तरी नाही. अजून घरात कुणाच्याही हातून कप निसटला की सासूबाई आधी माझ्याकडे बघतात.

तरी लेकीला तुझ्याच कॅम्पमध्ये धाडलं. तुझ्याइतकं चांगलं शिकवणारी दुसरी कुणी नाही, हे कबूल करणं जड जातं, पण आहे ते आहे. तू तिला रिलेत चौथी केलंस तेव्हा मी मोरीत जाऊन रडले.

काल तिचा फोन आला. आवाज दबलेला. तिसरी धावणाऱ्या मुलीचा पाय आखडतोय, म्हणून तू पट्टी जवळ घ्यायला सांगितलंस. वर बजावलंस, तिला सांगू नकोस, धीर सोडेल. मी म्हटलं, सांगून टाक तिला. तर म्हणाली, "आई, तू नको सांगूस. तुझ्या हातून तर पडलंच होतं."

माझ्या तोंडून खरं आलं तर तिला रडगाणं वाटेल. तुझ्या तोंडून आलं तर ऐकेल. म्हणून हे पत्र. रविवारच्या शर्यतीआधी त्या दोघींना पट्टीपाशी उभं कर आणि आपलं बॅटन कसं पडलं ते सांग. मग पट्टी लावा हवी तिथे, पण दोघींच्या देखत. तू सांगणार नाहीस. इतकी वर्षं नाही सांगितलंस, आता तर पोरी तुला मॅडम म्हणतात. तरी मागते आहे. माझ्यासाठी नको, माझ्या लेकीची मूठ तुझ्यासारखी मिटलेली राहू नये म्हणून सांग.

तुझीच,
तिसरी