बॉनेटमधला उंदीर आणि मंगळवार-शुक्रवार

२ डिसेंबर, मंगळवार
गाडी सुरूच झाली नाही. सकाळी साडेसहा. यांना स्वेटर-मफलर घालून बसवलं, चावी फिरवली. इंजिन नुसतं घरघरतंय, पेट घेत नाही. तीनदा केलं. हे म्हणाले, "उतरू का?" कोपऱ्यावरून रिक्षा आणेपर्यंत सात वाजून गेले. डायलिसिसचं मशीन ठरल्या वेळेचं, पुढचा पेशंट दारात उभा. यांना अर्धा तास कमी मिळाला. दिवसभर पाय सुजलेले.

दुपारी सलीमभाई मेकॅनिक आले. बॉनेट उघडलं आणि हसले. "चूहे का काम है मॅडम. ठंडी में इंजिन गरम मिलता उसकू." वायर तुटलेली. तुकडा ते फेकत होते, मी मागून घेतला.

३ डिसें.
भिंग काढलं. कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये एकोणतीस वर्षं पोरांपुढं ट्रे मांडले, रिटायर होताना हे एक भिंग तेवढं मागून आणलं होतं. वायरीवर दोन-दोन चरे, शेजारी शेजारी. पुढचे दात. मजा म्हणजे वायर खाल्लेली नाहीच. सगळा चुरा खाली पडलाय. नुसती कुरतडली. दात जन्मभर वाढतात, झिजवायला काहीतरी लागतं. पण मग वायरच का? लाकूड का नाही?

एअर फिल्टरच्या डब्याशेजारी मूठभर ज्वारी. स्वच्छ, टपोरी. आमच्या घरात अशी ज्वारी नाही. आम्ही पीठच आणतो.

५ डिसें., शुक्र.
वेळेत पोचलो. डांबरगोळ्या फडक्यात बांधून इंजिनाजवळ ठेवल्या होत्या. त्याचा वास थेट आत. हे सारा रस्ता खोकले. सिस्टरनं विचारलं, सांगितलं. ती गंभीर झाली. "काकू, उंदराचं मूत म्हणजे गंमत नाय. काकांना मागं बसवा, मास्क लावा, आधी सगळं पुसून घ्या." हे मला सुचायला हवं होतं. लॅबमध्ये दुसऱ्यांना मीच सांगायची.

डांबरगोळ्या बाद.

६ डिसें.
सकाळी विहारात जाऊन आले. एकटीच. हे दर वर्षी दादरला जायचे, हे तिसरं वर्ष चुकलं. यांनी वंदना घरीच केली, मग हे भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

दुपारी हातमोजे घालून गाडी ब्लीचच्या पाण्यानं पुसली. लेंड्या सत्तावीस. सगळ्या एका मापाच्या. एकच असेल का?

समोरच्या वहिनी म्हणाल्या तंबाखू ठेवा, जवळ येत नाही. ठेवली.

८ डिसें.
तंबाखूची पुरचुंडी गायब! शोधली तर कंपाउंडच्या भिंतीपाशी, फडकं अर्धं फाडलेलं. तंबाखू तशीच. त्याला फडकं पाहिजे होतं, घरट्याला. मीच पुरवलं.

एक सुचलंय. संध्याकाळी गाडीभोवती रांगोळी चाळणीनं पसरते. पातळ. सकाळी बघू.

९ डिसें., मंगळ.
उमटले! पुढच्या पायाची चार बोटं, मागच्याची पाच. मधून शेपटीची रेघ. घाई होती तरी दोन मिनिटं बसून बघितलं. यांना हाक मारली, "या ना, बघा तरी." म्हणाले, "उशीर होतोय."

गाडी सुरू झाली पण डॅशबोर्डवर पिवळा दिवा. पोचलो कसेबसे. सलीमभाई म्हणतात नवीन वायरीवरची टेपसुद्धा कुरतडली. "इसकू आप से दुश्मनी है." दुश्मनी कसली, त्याला मी माहीतही नसेन. पण पुढच्या शुक्रवारी गाडी मधेच बंद पडली तर? रस्त्यात, सकाळच्या थंडीत, यांना घेऊन?

१० डिसें.
पावलं कुठून येतात ते कळलं. भिंतीच्या तळाशी पावसाच्या पाण्याचा पाइप आहे, त्यातून. पाइपाच्या पलीकडं देशमुख.

देशमुख भाऊ एकटेच राहतात. शेती लासूर स्टेशनकडं, घरची ज्वारी येते. रोज संध्याकाळी भिंतीवर आणि खाली ओंजळभर टाकतात, चिमण्या-पारव्यांना. पण संध्याकाळी पाखरं किती खाणार? राहिलेलं रात्रभर तिथंच.

जाऊन सांगितलं. नीट सांगितलं असं मला वाटत होतं. रांगोळी, पाइप, ज्वारी, सगळं क्रमानं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी मी उंदरं पोसतोय व्हय?"
"तसं नाही भाऊ..."
"विष ठिवतो मग."
मी म्हटलं विष नको, बॉनेटात मेला तर आणखी वाईट, आणि मांजरं खातात. त्यांनी दार लावून घेतलं.

नंतर वहिनींकडून कळलं. दाणे त्यांची बायको टाकायची. ती गेल्यापासून ते टाकतात. संध्याकाळी, तिच्याच वेळेला.

११ डिसें.
आज दाणे नाहीत. चिमण्या भिंतीवर येऊन बसल्या, थांबल्या, गेल्या.

मला हवं होतं तेच झालं. मग असं का वाटतंय...

१२ डिसें., शुक्र.
डायलिसिस नीट. परत आल्यावर हे म्हणाले, "देशमुखांना काय बोललीस तू?" सांगितलं. यांनी चप्पल घातली. वर्षभरात कुणाच्या घरी गेले नाहीत, लोक तब्येत विचारतात ते आवडत नाही. आज, सुई टोचलेल्या हाताला पट्टी तशीच, भिंतीला धरत धरत गेले. तासभर बसले. खिडकीतून दिसत होते, दोघं पायरीवर. बोलत होते की नुसते बसले होते, कळलं नाही.

येऊन म्हणाले, "संध्याकाळी नाही, सकाळी टाकणार. तिला कळेल म्हणाला. साडेदहाला उरलेलं मी झाडून उचलायचं, मंगळवार-शुक्रवार सोडून."
"तुम्ही?"
"का, झाडू धरता येत नाही मला?"

१४ डिसें.
दहा वाजल्यापासूनच यांचं लक्ष घड्याळाकडं. साडेदहाला खराटा घेऊन हजर. देशमुख भाऊ खुर्ची आणतात, हे बसून झाडतात. उरलेले दाणे डब्यात, उद्याला. भाऊ मला बघून "बरंय का वहिनी" म्हणाले. तेवढंच. पण म्हणाले.

१५ डिसें.
रांगोळीत पावलं आहेत, पण कमी. आणि आज सरळ रेघेत नाहीत, इकडं तिकडं भटकल्यासारखी. दाणे शोधत असेल. थोडं वाईट वाटलं, खरं सांगायचं तर.

१७ डिसें.
सलीमभाईंनी बारीक लोखंडी जाळी आणली. डॅशबोर्डातून आत हवा येते त्या तोंडाला बसवली, इंजिनाच्या बाजूच्या फटींनाही. पाइपाला देशमुख भाऊंनी स्वतः जाळी ठोकली. दिवसा बॉनेट उघडं ठेवायचं, उजेड उंदरांना चालत नाही म्हणतात. आणि गाडी रोज हलवायची, नुसती कोपऱ्यापर्यंत का होईना. हे एक पटलं. शांत, उबदार, अंधारी जागा कोण सोडेल?

१९ डिसें., शुक्र.
दोन दिवस रांगोळी कोरी. एक टोक मोडलेलं नाही. गाडी पहिल्या चावीला सुरू. वेळेआधी दहा मिनिटं पोचलो, सिस्टर म्हणाली, "आज लवकर!"

गाडीत बसताना हे म्हणाले, "आज उमटले का पाय?" मी नाही म्हटलं तर चेहरा जरा पडला.

२१ डिसें., रवि.
यांनीच विषय काढला. "पैठण रोडला जाऊन येऊ. नुसतं." कंडक्टर असताना वीस वर्षं तोच रूट. मागं बसून स्टॉप पुकारत होते. चितेगाव. बिडकीन. मी आरशात बघत होते.

बिडकीन गेलं आणि डॅशबोर्डातून खुडखुड. मी रेडिओ बंद केला. पुन्हा खुडखुड.
"ऐकलंस?"
"ऐकलं."
बाभळीखाली गाडी घेतली. यांना आधी उतरवलं, घडीची खुर्ची लांब मांडून दिली. मग हातमोजे. समोरचा कप्पा उघडला तर बिस्किटांच्या पुड्याचा कोपरा गायब. म्हणजे जाळी बसवली तेव्हा हा आतच! रांगोळी कोरी राहणारच. बाहेर यायला वाट कुठं होती? चार दिवस पाणी कुठलं प्याला असेल?

चारी दारं, डिकी, बॉनेट, सगळं सताड उघडलं आणि यांच्याशेजारी जाऊन बसले. शेजारी हुरड्याची शेगडी होती, तिथली बाई आली. "काय बिघडलं व्हय?"
"काही नाही, आत उंदीर आहे. बाहेर यायची वाट बघतोय."
"इथं नगा सोडू की वो! माझं हुरडं हाय!"
हे हसले. मोठ्यानं. हसता हसता ठसका लागला, तरी थांबेनात. शेवटी ती बाईपण हसायला लागली आणि टोपल्यांवर गोणपाट टाकून आमच्यासारखीच बघत उभी राहिली.

तास गेला. थर्मासमधला यांच्या वाट्याचा अर्धा कप चहा घोट घोट करून संपला. मग हे एकदम ताठ बसले. "तो बघ! मागच्या चाकाखालनं. शेपटी दिसली मला."
मी बघितलं तर गवत हलत होतं. वारापण होता.
"नक्की?"
"अगं दिसली म्हणतो ना."
बाईला विचारलं. ती म्हणाली, "कायतरी गेलं. सरडा असंल."

पाचला यांच्या गोळ्या. थांबता येईना. सीट पुन्हा पुसली, सगळ्या काचा खाली केल्या, मास्क लावले, निघालो. चितेगाव येईपर्यंत रेडिओ बंदच ठेवला. हे पुढं वाकून ऐकत होते, आणि मीपण.