एक प्रत घरच्या दप्तरी

॥ श्री ॥
सोयगाव,
२७ नोव्हेंबर २०२३

चि. अंबिका हीस अ. उ. आ.

तुझे दिवाळीचे पत्र पोचले. चकल्या कडक झाल्याबद्दल लिहिलेस, ते तुझ्या वहिनीला वाचून दाखवले. ती म्हणाली, ज्यांना तळता येत नाही त्यांनी दात सांभाळावेत. इकडे पाण्याची परिस्थिती कठीण आहे. दिवाळी सरते न सरते तोच टँकरचे अर्ज सुरू झाले आणि तहसिलीत माझ्या टेबलासमोर सकाळपासून माणसे उभी असतात. पुंडलिकनगरला नळ आठवड्याने येतो म्हणून तू कुरकुर करतेस, पण येतो हे लक्षात ठेव.

आता मुख्य विषय. तू वकील आहेस म्हणून तुला लिहितो. केयूर शिकायला तुझ्याकडे राहतो, तरी त्याने ही गोष्ट तुला सांगितली नाही यावर रागावू नकोस. आत्यापुढे असले बोलायची त्याला लाज वाटली. त्याच्या अकरावीच्या वर्गात दिपाली नावाची मुलगी आहे. आपल्याच तालुक्यातल्या मेंढपाळ कुटुंबातली, तिकडे शहरात गारखेड्याला वसतिगृहात राहते. वर्गातल्या एका मुलाने गोड बोलून तिच्याकडून तिचा एक फोटो मागवला, कोणाच्या नजरेस पडू नये असा. पुढे त्यांचे बिनसले आणि त्याने तो मुलांच्या ग्रुपवर टाकला. बाकीच्या मुलांनी घाबरून पुसून टाकला. केयूरने मात्र ठेवला, आणि पुरावा आहे, सांभाळा, असे लिहून मला पाठवला.

मी तो उघडला आणि तत्काळ मिटला. वाईट वाटले. पण खोटे कशाला लिहू, पोराचा अभिमानही वाटला. आपले तात्यासाहेब आयुष्यभर महसुलात होते आणि नक्कल ठेवल्याशिवाय त्यांनी घरातला साधा कागदही हातातून सोडला नाही. त्यांचा नातू शोभतो. हे पत्रही मी नेहमीप्रमाणे खाली कार्बन घालूनच लिहितो आहे.

त्याच रीतीने एक प्रत पेनड्राइव्हवर उतरवून, पाकिटावर विषय व दिनांक लिहून कपाटात ठेवली आहे. दुसरी कुरिअरने तुला पाठवावी आणि तिसरी प्राचार्यांकडे अर्जासोबत जोडावी असा विचार आहे. अर्जाचा मसुदा तू करून दे. त्या मुलाला चांगला धडा शिकवू.

कळावे. लोभ आहे, तो वाढता ठेवावा.

तुझा,
मधुसूदन

प्रत : घरच्या दप्तरी

॥ श्री ॥
पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर,
१ डिसेंबर २०२३

ति. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल दुपारी आलं आणि मी उभ्या उभ्याच तुला फोन लावला. तुझ्यापुढे टँकरवाली माणसं होती, म्हणून पाठवू नकोस, दाखवू नकोस, हात लावू नकोस, एवढंच सांगता आलं. लेखी कळव म्हणून तू फोन ठेवून दिलास. घे, लेखी कळवते.

अठरा वर्षांच्या आतल्या मुलीचा किंवा मुलाचा असा फोटो मागणं हा गुन्हा आहे. पुढे पाठवणं हा गुन्हा आहे. स्वतःजवळ साठवून ठेवणं हेसुद्धा गुन्ह्यात मोडू शकतं, आणि कायदा पाकिटावर विषय काय लिहिलाय ते बघत नाही. त्या मुलानं फोटो पुढे पाठवला. केयूरनंही पाठवला, तुला. त्यानं छळायला, यानं मदतीला, हा फरक मी कोर्टात जीव तोडून सांगेन. पण सांगायची वेळ का यावी? तू मला ते कुरिअर केलं असतंस, तर आपण तिघंही एका रांगेत उभे राहिलो असतो. तात्यांचा नियम सातबाऱ्याला ठीक होता दादा. इथं प्रत हीच इजा आहे.

असं काही कळलं की पोलिसांना कळवावंच लागतं. मनात आलं तर कळवू, असं त्यात नाही. केयूरचा फोन बंद करून माझ्याजवळ ठेवलाय. पुसायचा नाही, उघडायचा नाही, तसाच पोलिसांच्या हातात द्यायचा. उद्या मी त्याला घेऊन जाते. तूही तुझा फोन आणि ते पाकीट घेऊन, पत्र मिळताच रजा टाकून ये. आपल्या पायांनी गेलेलं बरं.

आणि त्या मुलीचं नाव. ते यापुढे लिहू नकोस, बोलू नकोस. अशा प्रकरणात मुलांची ओळख फुटू देणं कायद्याला चालत नाही, आणि मलाही. काही म्हणायचंच असेल तर आपली मुलगी म्हण.

मी चिडले आहे आणि तितकीच घाबरलेही आहे. केयूर सतराचा आहे. रात्रंदिवस अभ्यास करणारं पोर, आणि आपल्याच घरच्या चांगल्या सवयीनं त्याला या फेऱ्यात आणलं. वहिनीला नीट समजावून सांग, तिचा जीव लगेच वरखाली होतो.

राग आहे, पण लोभ त्याहून जुना आहे. तो तसाच असू द्यावा.

तुझी,
अंबिका

॥ श्री ॥
पुंडलिकनगर,
९ डिसेंबर २०२३

ति. बाबांस शि. सा. न. वि. वि.

माझा फोन पोलिसांकडे जमा आहे, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला पत्र लिहितोय. अक्षराला हसू नका. आत्या अजून रागावते, फक्त पाण्याच्या दिवशी थांबते, कारण ड्रम भरायला मी लागतो. आमच्या गल्लीत नव्या पाइपलाइनसाठी खोदून ठेवलंय, त्यामुळे बादल्या घेऊन चर ओलांडावा लागतो.

परवा तुम्ही जबाब देऊन लगेच परतलात, म्हणून एक गोष्ट सांगायची राहिली. खरं म्हणजे तोंडावर सांगवली नसती. पोलीस मॅडम साध्या कपड्यांत होत्या, मला चहा दिला. त्या म्हणाल्या, की मदत करायची होती तर फोटो पाठवायला नको होता, नुसतं सांगायला हवं होतं. मोठ्या माणसाला सांगायला एक वाक्य पुरतं. मी तेव्हा मान हलवली, पण मला ते आधीच कळलं होतं.

तुम्हाला फोटो पाठवल्यावर मी आपल्या मुलीला बसस्टॉपवर भेटलो होतो. तिला धीर यावा म्हणून सांगितलं, की काळजी करू नकोस, माझ्याकडे पुरावा आहे आणि बाबांकडेही ठेवायला दिलाय. मला वाटलं ती थँक्यू म्हणेल. ती मागे सरकली. म्हणाली, की म्हणजे आता तुझ्याजवळ बी हाय अन् तुझ्या वडलांजवळ बी. त्या दिवसापासून ती कॉलेजला आलेली नाही. बाबा, त्या मुलानं फोटो टाकल्यावरसुद्धा ती मान खाली घालून येत होती. ती थांबली ती माझ्यामुळे.

आता तिच्या चुलत्याला कुठून तरी कळलंय. तो या महिन्यात येऊन तिला गावी नेणार आणि कॉलेज बंद करणार, असं वसतिगृहातल्या बाई आत्याला म्हणाल्या. दहावीला तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. बाबा, तुम्ही तिच्या आईकडे जाल का? मी सांगतोय म्हणून नाही, आपल्याकडे ते होतं म्हणून.

आईला नमस्कार. माझ्यावर लोभ पहिल्यासारखा ठेवा, जमलं तर.

तुमचा,
केयूर

॥ श्री ॥
सोयगाव,
१८ डिसेंबर २०२३

चि. अंबिका हीस अ. उ. आ.

केयूरचे पत्र मिळाले. दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरून वाडीवर गेलो. आपल्या मुलीचे वडील मेंढरे घेऊन चाऱ्यासाठी खानदेशाकडे उतरले आहेत. आई घरी होती, शेळीला पाला घालत होती. मला पाहून तिला वाटले टँकरचे काही आहे.

टँकरचे नाही, म्हटले. आणि सरळ सांगितले, की तुमच्या मुलीचा तो फोटो माझ्या कपाटातही होता, पुरावा म्हणून ठेवला होता, आणि मी चुकलो. तिने हातातला पाला खाली ठेवला. मग विचारले, की तुमच्याजवळ व्हतं ते गेलं का, खरं सांगा. मी म्हटले, पोलिसांत जमा केले. खिशात पावती होती, ती काढावी असे हाताला वाटले. काढली नाही.

नंतर तिने विचारले, की पोरीवर सरकारची केस हाय का. मी म्हटले नाही, ती फिर्यादीच्या बाजूची आहे, तिच्यावर अन्याय झाला आहे. यावर ती म्हणाली, की मंग तिला माघारी कशापायी आणू, हितं प्यायला पाणी नाय अन् शिकवायला कुणी नाय. दिराचे ती पाहून घेणार आहे. तिच्या बोलण्यावरून दिराची मला थोडी काळजी वाटली.

तिचे एकच मागणे आहे आणि ते तुझ्यासाठी आहे. एकट्या माझ्या पोरीला समजावू नगा, ती लई समजलीय, वर्गातल्या समद्या पोरांना समजवा, म्हणाली. तू कोर्टातून वेळ काढून कॉलेजात बोलावेस. प्राचार्य आढेवेढे घेतील, घेऊ देत.

प्रकृतीस जपावे. आमच्यावरचा राग ओसरला असल्यास तसे कळवावे, म्हणजे लोभ राहिला असे समजेन.

तुझा,
मधुसूदन

प्रत : घरच्या दप्तरी

॥ श्री ॥
पुंडलिकनगर,
१४ जानेवारी २०२४

ति. दादास सा. न. वि. वि.

तिळगूळ वेगळा पाठवलाय, वहिनीला म्हणावं, कडक असेल तर दात सांभाळ.

प्राचार्यांनी आढेवेढे घेतलेच. असल्या विषयावर बोललं तर कॉलेजचं नाव खराब होईल, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, न बोलल्यानं आधीच व्हायचं ते झालंय. काल वर्ग भरला. मुलंमुली एकत्र, मागे काही पालक. मी आपली कलमं घेऊन उभी. पहिली पंधरा मिनिटं सगळा वर्ग फरशीकडे बघत होता. मला वाटलं, घाबरवून यांची तोंडं मी आणखी शिवून टाकतेय.

तेवढ्यात केयूर न विचारता उभा राहिला. त्यानं कुणाचं नाव घेतलं नाही. एवढंच सांगितलं, की माझ्याकडे एकीचा फोटो आला, मी शहाणपणा समजून जपून ठेवला, घरी पाठवला, आणि त्यामुळे तिचं दुःख वाढवलं, शिवाय पोलिसांत माझा जबाब झाला. कुणी हसलं नाही दादा. मग हात वर यायला लागले. न मागता कुणी पाठवला तर काय करायचं. मैत्रिणीनं मैत्रिणीचा पाठवला तरी लागू होतं का. दोघंही राजी असले तर. एका मुलीनं विचारलं, की आपला आपणच पाठवून बसलो असलो तर आता काय. मी कलमं बाजूला ठेवली आणि सांगितलं, की पुढे एकही पाठवू नकोस आणि आजच एखाद्या मोठ्या माणसाला सांग. आईला सांगवत नसेल तर मला सांग, नाहीतर मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ ला फोन कर. तू चुकलीस म्हणून कायदा तुला सोडून जात नाही. माझा नंबर फळ्यावर लिहिला. पुसायला कुणी उठलं नाही.

ज्यानं हे केलं तो मुलगा बाल न्याय मंडळापुढे आहे. त्याची आई माझ्याकडे येऊन रडून गेली. तोही पोरच आहे. समुपदेशन सुरू झालंय, सुधारेल असं वाटतं.

आता खरी बातमी. आपली मुलगी वर्गात होती, खिडकीजवळ, पूर्ण वेळ. वर्ग सुटल्यावर माझ्याकडे आली. सगळ्या प्रती संपल्या का, असं तिनं विचारलं. मी खोटं बोलले नाही. म्हटलं, माहीत होत्या तेवढ्या पोलिसांकडे आहेत, जगातल्या प्रत्येक फोनची खात्री मी देऊ शकत नाही, पण कुठे निघालीच तर तू एकटी नसशील. तिनं थोडा विचार केला आणि केयूरकडे वळून विचारलं, की बुडालेल्या फिजिक्सच्या नोट्स देशील का. आपलं रत्न लगेच म्हणालं, सगळ्याची नक्कल काढून आणतो. मी कपाळाला हात लावणार, तेवढ्यात ती हसली. म्हणाली, की तेवढी नक्कल चालंल.

एक काम राहिलंय, ते तुझं. नोव्हेंबरच्या तुझ्या पत्रात तिचं नाव आहे. माझ्याकडची ती ओळ मी खोडली. तुझ्या दप्तरातल्या कार्बनप्रतीचं काय करायचं, ते तू ठरव.

राग ओसरला. लोभाचं काय ते तुला माहीत आहे.

तुझी,
अंबिका

॥ श्री ॥
सोयगाव,
२१ जानेवारी २०२४

चि. अंबिका हीस अ. उ. आ.

तुझे पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखवताना दोनदा थांबावे लागले. ती म्हणाली, पुरे, मी वाचते.

तात्यासाहेब गेल्यापासून या घरातला एकही कागद फाडला गेला नव्हता. काल मी दप्तर काढले. नोव्हेंबरचे पत्र शोधले, मग वाडीवरून आल्यावर लिहिलेले डिसेंबरचेही काढले, कारण त्यात नाव नसले तरी ओळखणारा ओळखेल. दोन्ही प्रती बंबात घातल्या. सध्या आंघोळीला अर्धीच बादली मिळते, ती चांगली कढत झाली. मला वाटले होते वाईट वाटेल. वाटले नाही.

वाडीवर टँकर सुरू झाला आहे. आपल्या मुलीच्या आईने कचेरीत निरोप ठेवला, की पोरगी परीक्षेला बसतेय, मामांना सांगा. मामा म्हणजे मी, हे शिपायाने मला समजावून दिले.

केयूरला सांग, त्याच्यावरचा लोभ कधी कमी झाला नव्हता. तुमचाही आमच्यावर असू द्या.

तुझा,
मधुसूदन

या पत्राची प्रत ठेवलेली नाही.