निळा पडलेला बेंड पाइप

सोमवार, संध्याकाळ

जेवायला बसवत नाही. वळसंगच्या सुनीताबाई आज नवऱ्याची मोटारसायकल टेम्पोत घालून होटगी रोडला माझ्या गॅरेजवर आल्या. नवरा वारल्यापासून गाडी अंगणात उभीच. पण इंजिनाखालचा, धूर सायलेन्सरकडे नेणारा बेंड पाइप पार निळा पडलेला. म्हणजे तो लालभडक तापतोय. मी पेट्रोलचं मिश्रण पाहिलं, टायमिंग पाहिलं, कुठून हवा खेचते का तेही पाहिलं. सगळं ठीक. मग एकच कारण उरतं. उभ्या गाडीचं इंजिन बराच वेळ चालू राहतंय आणि पाइपाला वारा लागत नाही.

"घरी कुणी चालू करून ठेवतं का?"

"रोज दिवेलागणीला चालू होती की," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटायचं, सासूबाई करत्यात. काल आमी दोघी चुलीपाशीच होतो, तरी आवाज आला. किल्ली माझ्या कमरेला."

या गाडीला बटण नाही, किकच मारावी लागते. कोण मारतं? मी काही चुकीचं तपासलं का?

प्लग काढून ठेवतो, म्हणजे गाडी चालूच होणार नाही, म्हणालो. काढलाही. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. सुनीताबाईंनी प्लग काढल्याचं त्यांना सांगितलं आणि फोन माझ्या कानाला लावला.

"मिस्त्री, काय बी काढू नगा. माझा ल्योक येतोय तेवढाच."

सुनीताबाईंनी फोन परत घेतला. मग म्हणाल्या, "असंच तापत ऱ्हायला तर काय हुईल?"

"कधीतरी चीर पडेल. गाडी बंद पडेल."

"मग तवर येऊ द्या त्यांना."

मी प्लग परत बसवला.