निळ्या साडीवरचं झंपर

५ एप्रिल
नातवाच्या, राहुलच्या, होणाऱ्या सासूचा निरोप आला. लग्न पोर्तुगालला, चर्चमधी. माझ्या सुनेनं, राहुलच्या आईनं सुनीतानं, फोनवरून वाचून दाखवला. खांदे झाकलेले पाहिजेत. कपडा घोट्यापर्यंत. बायांनी टोपी घातली तरी चालंल. म्हणलं, मी राहुलच्या आजोबाचा फेटा बांधते. आणि पांढरं कुणीच घालायचं नाय. पांढरा फक्त नवरीचा.
"मग मी काय नेसू?"
"आत्याबाई, दुनियेत दुसरे रंग हाईत की."
हाईत. पण दीक्षा घेतल्यापासून आमच्यात लग्नाला पांढरंच. माझ्या लग्नात पांढरं. सुनीताच्या लग्नात नवरा-नवरी पांढऱ्यात, वऱ्हाड पांढऱ्यात, विहारातल्या बाया पांढऱ्यात. फोटोत नुसता बगळ्यांचा थवा. राहुल तिकडं नोकरीला गेला तवाच त्याच्या लग्नासाठी म्हणून पांढरी रेशमी घेऊन ठेवली मी. कपाटात घडी मोडायची वाट बघतीय.
(मी सांगते, पिंकी लिहितीय. राहुलची बहीण. म्हणते, आईचं नाव सारखं लिहून हात दुखतो, नुसतं सु. लिहिते. लिही.)

९ एप्रिल
सु. मला गुलमंडीच्या बाजारात घेऊन गेली. ऊन मरणाचं. दुकानदारानं गादीवर साड्यांचा ढीग घातला. गुलाबी दाखवली. म्हणलं, ही नेसले तर पाद्री मलाच उभं करंल नवऱ्याशेजारी. पिवळी दाखवली. म्हणलं, हळद कुणाची हाय? दुकानदार हसला, सु. हसली नाय.
शेवटी तिनं गडद निळी पुढं केली, चांदीचे काठ. आधीच बाजूला काढून ठेवलेली दिसत होती.
"तुझ्याच मनची घ्यायची होती तर मला कशाला उन्हात भाजत आणलं?"
तिचं तोंड एवढंसं झालं. तवा मला लई बरं वाटलं. आता लिहून घेताना तेवढं वाटत नाय.

१२ एप्रिल
झंपर उस्मानपुऱ्यात कलीम मास्तरांकडं शिवायला दिलं. आमचं सगळ्यांचं तिथंच. मास्तर बायांच्या अंगाला टेप लावत नाय. मापाचं म्हणून आपलं एक जुनं झंपर द्यायचं, ते बघून नवं बेततात. सु.ला बँकेतून यायला उशीर. म्हणली, "तुम्हीच देऊन या. सध्या बसतं ते द्या मापाला."
मी पेटीत हात घातला आणि तळातलं काढलं. राहुल शाळेत जायचा तवाचं. तवा मी काडी होते.
मास्तर म्हणले, "अम्मा, यहीच ना?"
"व्हय, हेच."
साडीतलं कापड एका झंपरापुरतं. ते वाया गेलं की निळीवर घालायला काय नाय. मग पांढरीच.
पिंकी लिहायची थांबली. "आजी, हे काय करून बसलीस?"
म्हणलं, लिही. आणि तुझ्या आईला दाखवू नको.

१९ एप्रिल
झंपर आलं. कोपराच्या वर चढंना. सु.नं ओढलं, मी ओरडले. जरा जास्तच ओरडले. शिवण उसवून बघितली, आत सोडलेलं कापड धरूनही पुरंना.
सु. तशीच दुकानात. मी मागं मागं. "मास्तर, आम्ही काय आजचं गिऱ्हाईक का? आणि ऐन टायमाला असं?"
मास्तरांनी झंपर दारातल्या उजेडात धरलं. उलटं केलं, सुलटं केलं. "नाप के बराबरच काटा था बेटी." मग चष्मा काढून पुसला. "पर आंखां का क्या भरोसा. मेरीच गलती होगी."
सु.नं मला विचारलं, मापाचं झंपर कुठाय.
धुवायला टाकलं म्हणलं.
पिंकी तिथंच उभी होती. तिच्या आईनं तिच्याकडं बघितलं तर ती रस्त्याकडं बघाया लागली. माझ्यापायी लेकराला तोंड चुकवायची पाळी आली.

२१ एप्रिल
विहारात बाया बोलत होत्या. मास्तरांना दिसंना झालंय म्हणे. ह्या लग्नसराईत तिकडं कापड टाकू नका. सु.नं एकीला सांगितलं, तिनं बाकीच्यांना. मी मधोमध बसलेली. एक म्हणली, "मावशी, तुमचंच बिघडवलं ना?" मी मान हालवली. कशी हालवली ते तिनं ठरवावं.
मग पंचशील झालं. खोटं बोलणार नाही, तेही सगळ्यांसंगं म्हणलं. तेवढ्यापुरता आवाज खाली घेतला.


२४ एप्रिल
राहुलचा फोन, तोंड दिसतं तसला. शेजारी नवरी, मारिया. हात जोडून "जयभीम आजी" म्हणली. किती वेळा घोकून घेतलं असंल पोरीनं. नाक जरा लांब हाय, पण राहुलचं बसकं हाय, हिशेब बरोबर.
राहुल म्हणला, "आजी, मारियाच्या आईला मी सांगितलं, आपल्यात लग्नाला पांढऱ्याचा काय मान असतो ते. ती म्हणली, मग आजीनं पांढरीच नेसायची. पहिल्या बाकावर बसायचं."
एवढंच होतं. मी नुसतं त्याच्याशी बोलले असते तरी
सु. फोनमागं उभी होती. "बरं झालं," म्हणली आणि सैपाकघरात गेली.
नंतर पिंकीनं सांगितलं. ती निळी काय अशीच उचललेली नव्हती. आई आधी एकटी जाऊन सगळी गुलमंडी फिरून आली होती. म्हणली होती, पांढरं नाय तर निळं, निळं पण आपलंच. आत्याबाईंना तिथं परकं वाटाया नको.
"मग मला का नाय सांगितलं?"
"तू कुणाला बोलू देतेस का आजी?"

२७ एप्रिल
मास्तरांनी बोलावणं धाडलं. हुबेहूब तसलं निळं कापड शोधलं त्यांनी, कुठून कुणास ठाऊक. "अम्मा, नाप का एक बार फिर देव." ह्या खेपेला बसतं ते दिलं. शिलाई घेणार नाय म्हणले.
लेक त्यांचा मशीनवर बसलेला. मान वर न करता म्हणला, "अब्बा, ये आखरी. बाद में काम मैं देखूंगा. तुम आराम करो."  मास्तर कातरीला रुमाल गुंडाळत राहिले.
पिंकीनं माझा पाय दाबला. मी तोंड उघडलं आणि म्हणलं, "मास्तर, जरा पाणी देता का?"
पाणी दिलं. प्याले. घरी आले.
रस्त्यात पिंकी म्हणली, "मी काय सांगणार नाय. हे तुझं तू निस्तर."

३ मे
मुंबईच्या विमानतळावर बसलोय. पुढच्या विमानाला उशीर हाय.
नवं झंपर अंगावर ओतल्यासारखं बसलं. सकाळी चिकलठाण्याच्या विमानतळावर जाताना सु. गाडीत म्हणली, "ह्या खेपेला जमलं त्यांना. पण पिंकीच्या लग्नाचं काय मास्तरांकडं द्यायचं नाय आता."
मग मी बोलले. मास्तरांची चूक नव्हती. मापाला बारकं झंपर मी दिलं. मुद्दाम दिलं.
पुढं बसलेल्या माझ्या लेकानं, राहुलच्या बापानं, ड्रायव्हरला गाणं बंद करायला सांगितलं. सु. खिडकीतून बाहेर बघत राहिली. मी म्हणलं, "शिव्या तरी दे." दिल्या नाय. बॅगा देताना एवढंच म्हणली, "पांढरीच नेसा आता. झालं ना तुमच्या मनासारखं."
दोन्ही साड्या त्याच बॅगेत हाईत.
 इथं उतरल्यावर सु.नं पाण्याची बाटली आणून माझ्या मांडीवर ठेवली. झाकण सैल करून. ते लई लागलं.
आत्ता ती पार तिकडं काचेपाशी जाऊन उभी हाय. फोन लावलाय. पाठ आमच्याकडं. एकदा कपाळाला हात लावला. मी पिंकीला म्हणलं, जाऊन बघ ना कुणाला लावलाय. पिंकी म्हणते, गप बस आजी.
राहुलला लावला असंल तर पोराचं लग्न तोंडावर हाय, त्याला आजीचे हे गुण आजच कळायचे. मास्तरांना लावला असंल तर
वळली. फोन कानाला नाय, हातात पुढं धरलाय. इकडंच येतीय, सरळ माझ्याकडं.
थांब पिंके. लिहू नको आता.