पातळ काच

अण्णा, काल तव्यावर पोळी जळली आणि तिच्याकडे बघताना जो पहिला विचार मनात आला, तो तुमच्या आवाजात आला. "येवढी धांदरट पोरगी कुण्या घरात जन्मली न्हाई." तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, पण तुमचा आवाज अजून माझ्या स्वयंपाकघरात पाय पसरून बसलेला आहे. काल पहिल्यांदा मी त्याला उलट बोलले. एकटीच होते घरात, मोठ्यानं बोलले. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून कागद घेऊन बसले आहे. तुमची ही पोरगी आता पन्नाशीकडे झुकली आहे, भोकरदनला पंचायत समितीत नोकरी करते, आणि तुम्हाला 'तुम्ही' म्हणायची तिची सवय सुटलेली नाही. या पत्रात तुम्हाला मिळणारा मान तेवढाच समजा.

जुन्या जालन्यातलं तुमचं चष्म्याचं दुकान मला जसंच्या तसं आठवतं. समोर आडत्याची हरभऱ्याची पोती, शेजारी कापडवाला, आत तुमची काचांची लांब पेटी, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, मागच्या अंगाला काच घासायचं चाक. दहावीच्या वर्षी तुम्ही मला उंच स्टुलावर बसवता, ती जड गोल फ्रेम नाकावर ठेवता आणि एकेक काच आत सरकवत जाता. मी वाचत जाते. खालच्या दोन ओळी नुसत्या मुंग्या दिसतात. मी म्हणते, "अण्णा, खालचं न्हाई दिसून राह्यलं." तुम्ही पेटी बंद करता आणि म्हणता, "ती ओळ कुणालाच दिसत न्हाई. कंपनी अशीच छापती." मी मान डोलावते. चष्मेवाल्याच्या पोरीनं नंबराच्या बाबतीत बापावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर ठेवायचा? मग सोनेरी काडीची नाजूक फ्रेम आली, तिच्यात पातळ काच बसली, आईनं माझी दृष्ट काढली. त्या चष्म्यातून मला झाड दिसायचं, पानं दिसायची नाहीत. माणूस दिसायचा, तो हसतोय की रागावलाय ते जवळ गेल्यावर कळायचं. मला वाटायचं, चष्मा लावणाऱ्यांचं नशीबच एवढं असतं.

बारावीनंतर तुम्ही सायकल घेऊन दिलीत. सायन्सचं कॉलेज नदीपलीकडे नव्या जालन्यात होतं. मला सायन्स हवं होतं, आणि रसायनशास्त्रात माझे मार्क वर्गात सगळ्यांत जास्त होते. तो रस्ता तुम्हाला माहीत आहे. पुढे एक हातगाडी चालली होती, तिच्यातून लोखंडी सळया मागे हातभर बाहेर आलेल्या. जालन्यात सळयांची गाडी दिसली नाही असा दिवस जात नाही. मला गाडी दिसली. सळया दिसल्या नाहीत. एक सळई खांद्यात घुसली, दुसरी भुवईला चाटून गेली. लोकांनी उचलून दुकानात आणलं तेव्हा तुमच्याकडे गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यासमोर तुम्ही माझ्या भुवईवर हळद दाबलीत आणि विचारलंत, "सळईला लाल फडकं बांधलेलं व्हतं म्हणं. ते बी दिसलं न्हाई तुला?" मी नाही म्हटलं. तुम्ही गिऱ्हाइकांकडे वळून म्हणालात, "रस्त्याची अक्कलच न्हाई पोरीला." सगळे हसले. आठवड्याच्या आत तुम्ही सायकल एका दूधवाल्याला विकून टाकलीत. मी सायन्स सोडलं आणि घराजवळच्या कॉलेजात आर्ट्सला बसले. त्या दिवसापासून मी भिंतीला हात लावत चालू लागले, पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे न्यायचं टाळू लागले. कुणी विचारलं तर मीच हसून सांगायचे की मी धांदरट आहे, म्हणजे दुसऱ्याला सांगायची तसदी नको.

लग्न ठरवताना तुम्ही पाहुण्यांना म्हणालात, नंबर नावालाच आहे. पहिल्याच वर्षी सासरच्यांनी मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, कारण मी गव्हात खडे ठेवून दळण पाठवत होते. डॉक्टरांनी माझा नंबर काढला तो जवळजवळ दुप्पट निघाला. त्या खुर्चीत बसून मी तक्त्याची शेवटची ओळ वाचली आणि डॉक्टरांचंच काहीतरी चुकलं असेल असं मला वाटलं, इतकी मी तुमची पोरगी होते. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "नावाला नंबर म्हणले आन बाटलीचं बूड निघालं. फसवलं आम्हाला." मी देवघरासमोर शपथ घेतली की लग्नाआधी माझा नंबर थोडाच होता. माझे वडील खोटं बोलणार नाहीत, असंही मी म्हणाले. दिवाळीला माहेरी येऊन तुम्हाला विचारलं, तर तुम्ही पेपर खाली न ठेवता म्हणालात, "सासरी रडत बसली असशील. रडून रडून बायांचा नंबर वाढतो." मी सासरी परत गेले. सासूबाई शेवटपर्यंत मला लबाड म्हणत राहिल्या. नवऱ्यानं पुढे स्कूटी घेऊन देतो म्हटलं, तर मी नको म्हटलं. चांगल्या चष्म्यातून मला सगळं स्वच्छ दिसत होतं, पण भीती हाडात मुरली होती. जन्मभर मी एसटीत नाहीतर कुणाच्या तरी पाठीमागे बसले.

यंदा गुडघ्यांनी बोंब मारली. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. मुलगा पुण्याला शिकायला गेल्यापासून त्याची सायकल जिन्याखाली धूळ खात होती. सकाळी शाळेच्या मैदानावर दोन-चार दिवस चालवून बघितली तर पाय विसरले नव्हते. अडचण चष्म्याची आली. रोजच्या माझ्या चष्म्यात वर लांबचं आणि खाली वाचायचं असा नंबर आहे. खड्डा बघायला नजर खाली केली की रस्ता पाण्यासारखा हलायचा. म्हणून संभाजीनगरला गेले. दुकानातल्या मुलीनं मला तासभर बसवलं. कुठल्या रस्त्यानं जाता, ऊन समोरून असतं का, धूळ किती, असं सगळं विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, सायकलसाठी फक्त लांबच्या नंबराचा वेगळा चष्मा घ्या, वाचायचा भाग त्यात नको. ते गोल वळलेले गॉगल तुमच्या नंबराला बराबर बसणार नाहीत, कडेचं वाकडं दिसेल. थोडी कमी वळणाची फ्रेम घेऊ, नाकाला रबर, काच न फुटणारी. रंग काळा नको, झाडाच्या सावलीत खड्डा लपतो. तपकिरी घ्या." आणि पुढे म्हणाली, "पण पूर्ण नंबर टाकला की कडा जाड दिसतील." मी म्हटलं, दिसू द्या. अण्णा, तुम्ही तुमच्या पोरीला असा एक तरी प्रश्न कधी विचारलात?

परवा तो चष्मा घालून आईला दाखवायला जालन्याला गेले. आई मेथी निवडत बसली होती. तिनं चष्म्याची कड बोटानं चाचपली आणि म्हणाली, "अय्या, केवढी जाड! तुह्या लग्नाच्या टायमाला कशी पातळ काच व्हती."

मी म्हटलं, "तेव्हा नंबर कमी होता ना."

"कमी कुठला? नंबर येवढाच व्हता. ह्यांनी कमी टाकल्ता." आई हसत होती, तुमच्या हुशारीचं कौतुक सांगावं तशी. "जाड काचंत डोळे बारीक दिसतात पोरीचे. पाहुण्यांनी काच बघितली की उठून जायचे. गल्लीतल्या समद्या बाया त्यांच्याकडंच यायच्या, अण्णा, काच पातळ दिसू द्या म्हून. पर त्या पोरींला बघायच्या कार्यक्रमापुरताच तसला चष्मा देयाचे. तुला धाव्वीपासूनच दिल्ता. सवय पडावी म्हून."

मी विचारलं, "आणि सायकल?"

"मंग? तुला दिसत न्हाई हे ठाऊकच व्हतं त्यांला. सळया लागल्या त्या दिवशी जेवले न्हाईत. म्हणले, एक दिवस मरंल ही पोरगी. म्हून तर जल्दी इकली सायकल." तिनं मेथीची जुडी फिरवली आणि मला चहा घेतेस का विचारलं.

जेवले नाहीत म्हणे! एक वेळ उपाशी राहिलात आणि झालं? काचांची पेटी तुमच्या हाताशी होती. चाक मागच्याच खोलीत होतं. एका दुपारचं काम होतं. मी मरेन अशी भीती वाटली आणि तरी तुम्ही काच बदलली नाहीत, सायकल बदललीत. आणि माझ्या भुवईतून रक्त गळत असताना, मला का दिसलं नाही हे अख्ख्या जालन्यात ज्या एकट्या माणसाला पक्कं माहीत होतं, त्यानंच गिऱ्हाइकांसमोर विचारलं, लाल फडकं बी दिसलं न्हाई का. हे मी तुम्हाला माफ करत नाही. लोकांच्या पोरींना तुम्ही दोन तासांपुरतं आंधळं केलंत, मला सात वर्षं. माझं रसायनशास्त्र गेलं. देवघरासमोर मी खोटी शपथ घेतली आणि मला ते ठाऊकही नव्हतं. लोक म्हणतात गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. मग जिवंतपणी तुम्ही माझ्याबद्दल जे बोललात ते कुणी मागे घ्यायचं?

इथपर्यंत काल दुपारी लिहून झालं होतं. आज सकाळी पहिल्यांदा सायकल जालना रोडला काढली. नवा चष्मा, पूर्ण नंबर. कडेच्या बाभळीचा काटा न काटा दिसत होता, समोरून येणाऱ्या कापसाच्या ट्रकवरचा नंबर लांबून वाचता येत होता. मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या देत मजेत चालले होते. चहाच्या टपरीपाशी ट्रकला वाट द्यायला थांबले. बरोबर थांबले, ब्रेक लावून, रस्त्याच्या कडेला. आणि थांबलेल्या सायकलवरून पडले. डावा पाय टेकवायचा होता, मी उजवा उचलला, सायकल डावीकडे झुकली आणि चहा पिणाऱ्या पाच-सहा माणसांसमोर मी फतकल मारून मातीत. "ताई, लागलं का? काही आडवं आलं का?" एकानं विचारलं. काहीच आडवं आलं नव्हतं. खड्डा नव्हता, दगड नव्हता, काचेत दोष नव्हता. मी उठले, कपडे झटकले आणि मला इतकं हसू आलं की टपरीवाल्यानं पाणी आणून दिलं.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही तेच बरं. एवढ्या सगळ्यातून तुम्ही ही एकच गोष्ट वेचली असती आणि दुकानात बसलेल्यांना मोठ्यानं वाचून दाखवली असती. तुमच्यापुढे मी ती कधीच कबूल केली नसती. आहे मी धांदरट, अण्णा. थोडीशीच आहे.