माझ्या गालाची खरड आणि तुमचा कावळा

मेल्यावरही माणसानं घरात लुडबूड करावी, हे काही बरं नाही!

सदाशिवचे बाबा, आता नमस्कार घ्या. दुसरीपर्यंतचं अक्षर हाय, लावून वाचा. पितरपाट लागला, पितरांचा पंधरवडा, म्हणून लिहून राह्यली.

तुमच्या दहाव्याले पिंडाले कावळा शिवेना. मग सदाशिवनं हात जोडले, "बाबा, माझ्या कुसुमले सोनाळ्याच्याच पाव्हण्यांच्या घरी देईन." कावळा झपकन उतरला! सगळे म्हणाले, आजोबाची इच्छा. अहो, कशाची इच्छा? त्याच वक्ताले तुमच्या भावानं छत्री मिटली होती. मी बाभळीखालून पाहत होती. छत्रीले भ्यालं होतं ते पाखरू! सांगितलं, तर "बुढे, चूप बस." आता दिवाळी झाली की सोनाळ्याचे लोक कुंकू लावायले येतात.

आणि इकडं तुमच्या नातीले नागपूरचं बोलावणं आलं, बारीक जिन्नस मोठा दाखवणाऱ्या दुर्बिणीचं काम शिकायले. तिनं मले बुलढाण्याले कॉलेजात नेलं. काडीनं माझ्या गालाची आतली साल खरडली, काचेवर ठेवली. साध्या दुर्बिणीत नुसता उजेड. रंग टाकला तर दिसते म्हणे, पण रंगानं जितं असते ते मरते. मग दुसऱ्या दुर्बिणीत डोळा लावला. बाई बाई! रंग न टाकताच सालीच्या एकेका कणाचे काठ उठून दिसले, पोटातली बी सुद्धा.

"हे कसं काय वं?"

"आजी, दोन बैलबंड्या संगं निघाल्या. एक सडकेनं, एक चिखलातून. चिखलातली मागं पडते ना? किती मागं पडली ते मोजलं, की चिखल किती ते कळते. उजेडाचं तसंच."

तुम्ही म्हणत, हिच्या तोंडात जहर हाय. पाहून आली, जहर नाही! दोन-चार जंतू वळवळत होते, तेवढे तुमच्या वाट्याचे.

पण जीव थाऱ्यावर नाही. पोरगी वाचत बसली की तुम्हीच कंदील तिच्याकडं सारत होते ना? मग सोनाळा तुमच्या मनात कुठून आलं? का मले न सांगता खरंच जबान देऊन बसले होते? तुमचा काय भरोसा!

सर्वपित्रीले ताट घेऊन मी स्वतः घराच्या धाब्यावर चढीन. सदाशिवले खाली उभा करीन, अन् मोठ्यानं म्हणीन, "पोरगी नागपूरले जाईन!" छत्री कोणाच्या हाती राहू देणार नाही, हा माझा शब्द.

तुमचीच,
द्वारका

घास शिवायले तुम्हीच या. शेजारच्याच्या बापाले पाठवू नका.