चौथ्या मजल्यावरचा राखणदार

रूसे, १८ एप्रिल २००४

लाडके दाफिने,

तुला खूप मुके. माझा गुडघा होता तसाच आहे, भूक आहे, झोप आहे. तू बरीच असशील. नसतीस तर गावभर बोभाटा झाला असता. टपालवाल्या बाई, हे पत्र माझ्या बहिणीच्या उजव्या कानाशी वाचा. डाव्यानं तिला ऐकू येत नाही, आणि आलं तरी ती कबूल करत नाही.

मी सांगतेय, सून रुम्याना लिहितेय. एक शब्द गाळायचा नाही असं ठरलंय.

घेवडा पेरायला कधी येतेस, असं तू तिसऱ्यांदा विचारलंस; हिवाळ्यापुरतीच लेकाकडं आले होते ना मी. सांगते. आधी सापाचं ऐक.

आम्ही साप पाळलाय. सून म्हणते, "आम्ही नाही, तुम्ही." बरं, मी. नात कालिना वर्षभर मागे लागली होती आणि तिचा बाप नाही म्हणत होता. मी त्याला म्हटलं, गावाकडं उंबऱ्याखाली घराचा राखणदार साप होता, आईनं त्याला कधी कुणाला काठी लावू दिली नाही. इथं चौथ्या मजल्यावर उंबऱ्याखाली शेजाऱ्याचं छत. राखणदार येणार कुठून? शनिवारी तोच आम्हाला पाळीव प्राण्यांच्या दुकानात घेऊन गेला.

दुकानात तीन पिल्लं होती, बिनविषारी, पेटीतच जन्मलेली. कालिनाला पांढरं हवं होतं. त्याची पाठ धारेसारखी वर आलेली आणि डोळ्यांच्या कडेला बारीक काळे ठिपके, कोंबड्यांना पिसवा होतात तसले. मी म्हटलं, हे नको.

दुकानदार म्हणाला, "आजी, आधी साप पाळलेत वाटतं?"

"नाही बाबा. पन्नास वर्षं बाजारात कोंबड्या निवडल्यात. त्या तांबड्याला जेवताना दाखव."

तांबड्यानं आमच्यादेखत उंदीर गिळला. मग तोच घेतला.

पहिल्याच दिवशी मी वाटीत दूध ठेवलं. कालिना म्हणाली, "आजी, साप दूध पीत नाहीत."

"आपल्या गावचा पितो."

"पिताना पाहिलायस?"

दाफिने, आपण पाहिलंय का गं? सकाळी वाटी रिकामी असायची, एवढंच. बहुतेक साठ वर्षं आपण कुणाची तरी मांजर पोसली.

आता सगळं शिकलेय. पेटीची एक बाजू ऊबदार, दुसरी गार. झाकणाला खिट्ट्या, कारण बोटभर फटीतून हा पसार होईल. आठवड्याला एक उंदीर, बर्फातून काढून कोमट पाण्यात सैल केलेला, आणि जेवल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. ते उंदीर बर्फाच्या कप्प्यात मटाराशेजारी असतात. हे लिहिताना सुनेनं ओठ आवळलेत.

तीन आठवडे ती त्या खोलीत फिरकली नाही. मग सापाचे डोळे निळसर, दुधाळ झाले. मला वाटलं आंधळा झाला. रुम्यानानं दुकानात फोन करून विचारलं. कात टाकतोय म्हणाले, ओलावा द्या. तिनं स्वतः ओलं फडकं आत ठेवलं, डोळे मिटून. कात अखंड निघाली, शेपटीच्या टोकापर्यंत. आता ती कात कपाटात आहे, सुनेच्या लग्नातल्या कपांमागे. लिही, रुम्याना, खरंच आहे ते.

तुला वाटेल, म्हातारी घेवड्याचं टाळतेय. टाळतेच आहे.

दुकानदार म्हणाला, हा वीस वर्षं जगेल. मी म्हटलं, मग माझ्यानंतर कालिना बघेल याचं. घरी येऊन जिना चढताना लक्षात आलं, मी असेन तोवरचा हिशेब मी इथलाच धरला होता. दाफिने, मला इथं बरं वाटतं. हे सांगायची लाज वाटली म्हणून सहा महिने कधी थंडीवर ढकललं, कधी गुडघ्यावर.

रुम्यानाचा हात थांबलाय. "आई, खरंच?" विचारतेय. तू लिही गं.

माझ्या वाफ्यात यंदा तूच पेर. तू मला सोडायला बसपर्यंत आली नव्हतीस, ते मी विसरले नाही. का आली नाहीस तेही मला ठाऊक आहे: मी परतणार नाही, हे तुला माझ्याआधी कळलं होतं. रागाव. पण पेरणी आटोपली की बसनं ये. सून म्हणते, खिडकीकडची खाट दाफिनामावशीची. ती आपण होऊन म्हणाली, मी सांगितलं नाही.

आजवरच्या प्रत्येक पत्राखाली मी "लवकरच येते" असं लिहवून घेतलं. आज ते लिहू नकोस, असं मीच सुनेला सांगितलंय.

तुझी, इथंच राहणारी,
वेलिका
(अंगठा माझाच आहे, ओळखशील)